अर्धशिशी : एका नावाचा आणि त्याच्या आड राहिलेल्या दुखण्याचा इतिहास

मराठीत ज्याला ‘अर्धशिशी’ म्हणतात ते वस्तुतः एक दुखणे नव्हे. डोक्याच्या एका बाजूला ठणका लागून ज्याला ओकाऱ्या होतात, उजेड सोसवत नाही म्हणून जो अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो, तो रोगी हा शब्द वापरतो. आणि एकाच डोळ्याच्या मागे सुरी खुपसावी अशी कळ येऊन, त्याच डोळ्यातून पाणी गळत असता जो घरभर येरझारा घालतो, तो रोगीही हाच शब्द वापरतो. पहिल्याचे दुखणे चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकते. दुसऱ्याचे पाव तासापासून तीन तासांपर्यंतच्या अवधीत ओसरते, पण पुष्कळदा दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच घटकेला परत येते. आठवडेच्या आठवडे असा क्रम चालतो आणि मग एकाएकी महिनोन्‌महिने त्याचा मागमूसही राहत नाही. आजचे वैद्यक पहिल्याला मायग्रेन आणि दुसऱ्याला क्लस्टर डोकेदुखी म्हणते. या दोहोंचे उपचार बऱ्याच अंशी वेगळे आहेत, आणि एकाचा उपचार दुसऱ्यावर करण्यात रोग्याची वर्षे खर्ची पडतात. असे असता दोन्ही दुखणी एका नावाखाली इतका काळ कशी नांदली, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासाचा जितका आहे तितकाच शब्दांच्या इतिहासाचाही आहे.

प्रथम शब्दच पाहावा. ‘अर्धशिशी’ हा संस्कृत ‘अर्ध’ आणि ‘शीर्ष’ यांपासून आलेला आहे हे उघड आहे. परंतु त्याचे दोन अवयव एकाच वाटेने मराठीत आलेले नाहीत. ‘शीर्ष’ याचे प्राकृतात ‘सीस’ झाले. मराठीत ‘इ’कार व ‘ए’कार यांच्यापूर्वीचा ‘स’ हा ‘श’ होतो, हा झ्यूल ब्लॉख यांच्या १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठीविषयक ग्रंथापासून अभ्यासकांच्या परिचयाचा झालेला नियम आहे. ‘सिन्दूर’ याचा ‘शेंदूर’ आणि ‘सीव्’ धातूपासून ‘शिवणे’ ही त्याची उदाहरणे होत. उलट ‘श्वश्रू’ या शब्दात मुळात ‘श’ असूनही पुढे ‘आ’कार आल्यामुळे मराठीत ‘सासू’ होते. तेव्हा ‘शिशी’तील दोन्ही ‘श’ संस्कृतातून जसेच्या तसे आलेले नसून प्राकृत ‘स’काराच्या मार्गाने परत आलेले आहेत. ‘अर्ध’ मात्र तत्सम राहिला. हिंदीतील ‘आधासीसी’ हा शब्द दोन्ही अवयवांनी तद्भव आहे. मराठी शब्द त्याच्या मानाने अर्धा पंडिती आणि अर्धा लौकिक आहे. (फारसी ‘शीशा’पासून आलेल्या बाटलीवाचक ‘शिशी’शी त्याचा संबंध नाही, जरी औषधाची अर्धी शिशी आणि अर्धशिशी यांवरील कोटी मराठी घरांत नवी नसली तरी.)

या व्युत्पत्तीपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, हे नाव केवळ जागा सांगते. दुखते कसे, केव्हा आणि किती वेळ, यांपैकी काहीच ते सांगत नाही. संस्कृत वैद्यकातील ‘अर्धावभेदक’ या नावात निदान ‘भिद्’ धातू आहे, म्हणजे फुटण्याची, दुभंगण्याची वेदना आहे. लोकभाषेने ती वेदना गाळली आणि अर्धे डोके तेवढे ठेवले.

अर्धावभेदकाचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आणि चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात आढळते. सुश्रुताने शिरोरोगांचे अकरा प्रकार मानले असून त्यांतील अर्धावभेदकाचे लक्षण सांगताना मस्तकाच्या अर्ध्या भागात फुटल्यासारख्या व टोचल्यासारख्या तीव्र वेदना, भोवळ, आणि पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी किंवा अकस्मात येणारा वेग असे म्हटले आहे. वाग्भटाने पंधरवडा किंवा महिना असे अंतर दिले आणि हा विकार आपोआप शमतो, अशी मार्मिक नोंद केली. चरकाचे वर्णन जागेच्या दृष्टीने अधिक तपशिलाचे आहे. मान, भुवई, शंख, कान, डोळा आणि कपाळ यांच्या एका अर्ध्यात शस्त्राने कापावे किंवा अरणीने घुसळावे तशी वेदना होते, आणि विकार फार बळावला तर तो डोळ्याचा किंवा कानाचा नाश करतो, असे तेथे सांगितले आहे. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. मायग्रेनमध्ये किंवा क्लस्टर डोकेदुखीत डोळा जात नाही. डोळ्यातील दाब एकाएकी वाढणारा काचबिंदू किंवा शंखप्रदेशीच्या रोहिणीचा दाह यांत मात्र दृष्टी जाऊ शकते. म्हणजे चरकाच्या काळीही ‘अर्ध’ या नावाच्या पोटात निरनिराळी दुखणी एकत्र आली असावीत, असे मानण्यास जागा आहे.

परंतु संस्कृत वैद्यकाने केवळ जागेवरून नावे दिली असे नाही. अर्धावभेदकाच्या शेजारीच ‘सूर्यावर्त’ हा स्वतंत्र रोग सांगितलेला आहे आणि त्याचे नाव काळावरून पडलेले आहे. सूर्य उगवताना डोळा व भुवई यांच्या ठिकाणी मंदमंद कळ सुरू होते, सूर्याबरोबर ती चढते आणि सूर्य कलल्यावर उतरते, हे सुश्रुताचे लक्षण. चरकाने त्याची उपपत्तीही दिली आहे : उन्हाच्या तापाने मस्तिष्क पातळ होते आणि सायंकाळी ते पुन्हा थिजते, म्हणून वेदना शमते. उपपत्ती आज टिकणारी नाही; पण उपपत्ती शोधावीशी वाटली हेच महत्त्वाचे आहे. दुखण्याला वेळ असते आणि ती वेळ हीच त्याची ओळख असू शकते, हा विचार त्या नावाने पक्का केला होता.

सूर्यावर्त म्हणजेच क्लस्टर डोकेदुखी, असे म्हणण्याचा मोह आवरणे बरे. सुश्रुताच्या लक्षणात डोळा आहे, भुवई आहे, ठराविक वेळ आहे. पण एकाच बाजूचा उल्लेख नाही, डोळ्यातून पाणी येण्याचा नाही, नाक चोंदण्याचा नाही. शिवाय क्लस्टरचा झटका दिवसभर चढत-उतरत राहत नाही. तो पुष्कळदा मध्यरात्री, झोप लागल्यानंतर तास-दीड तासाने येतो. कपाळातील अस्थिविवरांच्या सुजेमुळे जी डोकेदुखी होते, ती मात्र उठल्यानंतर सुरू होऊन दुपारपर्यंत वाढते आणि मग कमी होते. अनेक आधुनिक वैद्य सूर्यावर्ताची सांगड तिच्याशी घालतात, आणि ती अधिक जुळणारी आहे. प्राचीन नावाला अर्वाचीन रोगाची चिठ्ठी डकवून मोकळे होणे हा आपल्याकडील एक जुना छंद आहे; त्यात ना प्राचीनांना न्याय मिळतो ना रोग्याला. येथे घ्यावयाचे ते एवढेच की, जागा आणि काळ हे दोन्ही निकष त्या परंपरेत जवळजवळ उभे होते. मानेमागून निघून डोळा, भुवई व शंख यांत स्थिरावणारा ‘अनन्तवात’ हा तिसरा विकारही तेथे होता. लोकभाषेत मात्र ‘अर्धशिशी’ तेवढी घरोघरी राहिली. ‘सूर्यावर्त’ आणि ‘अनन्तवात’ ही नावे वैद्यांच्या पोथीतच राहिली.

सूर्यावर्ताची काही स्मृती लोकोपचारांत टिकली असावी. अर्धशिशीवर सूर्योदयापूर्वी दुधाबरोबर जिलेबी खावी, हा उपचार उत्तर हिंदुस्थानात आणि महाराष्ट्रातही परिचित आहे. सुंठ उगाळून कपाळावर लेप देणे, नाकात तुपाचे थेंब सोडणे यांना वेळेचे बंधन कडक नाही, जिलेबीला आहे. सूर्य चढला की दुखणे चढते, तेव्हा त्याच्या आधी पोटात काही गोड-स्निग्ध जावे, अशी ही समजूत दिसते. या सर्व उपचारांच्या यशाचे रहस्य वाग्भटाच्या त्या एका नोंदीत आहे. जे दुखणे आपोआप शमते ते शेवटी केलेल्या कोणत्याही उपायाला श्रेय देऊन जाते. एकाच डोळ्यामागच्या ज्या दुखण्याचा हंगाम सहा-आठ आठवड्यांनी स्वतःच संपतो, त्याच्याबाबत तर हे विशेषच खरे आहे.

पश्चिमेकडे नावाचा प्रवास निराळ्या मार्गाने झाला, पण मुक्काम तोच. कॅपॅडोशियाच्या अरेटिअसने डोकेदुखीचे तीन वर्ग करून त्यांतील एकतर्फी दुखण्याला ‘हेटेरोक्रेनिया’ म्हटले. त्याचे रोगी उजेडाला भिऊन अंधार शोधतात, यावरून त्याच्यासमोर मुख्यतः मायग्रेन असावे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलनने ‘हेमिक्रेनिया’, म्हणजे शब्दशः ‘अर्धकपाळ’, हे नाव रूढ केले. लॅटिनमधून जाताना त्याचे पहिले अक्षर गळाले आणि फ्रेंचमध्ये ‘मिग्रेन’ झाले. इंग्रजीत त्याचेच ‘मेग्रिम’ झाले. या ‘मेग्रिम’ची पुढे मोठी दुर्दशा झाली. माणसाची लहर, खिन्नता, घोड्याला येणारी घेरी, अशा अर्थांपर्यंत तो घसरला. तरीही १८७३ मध्ये एडवर्ड लिव्हिंग या इंग्रज डॉक्टराने आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात तोच शब्द वापरला. अरबी वैद्यकात याच दुखण्याला ‘शकीका’ म्हणतात. त्याचा धातू चिरणे, दुभंगणे या अर्थाचा आहे. इब्न सीनाच्या परंपरेतून तो यूनानी हकिमांबरोबर हिंदुस्थानात आला आणि उर्दूत ‘दर्द-ए-शकीका’ या रूपाने राहिला. ‘अर्धावभेदक’ आणि ‘शकीका’ यांतील साम्यावरून एकाने दुसऱ्याचे भाषांतर केले असे अनुमान काढण्याचे कारण नाही. अर्धे डोके दुखते ही गोष्ट कोणत्याही भाषेच्या माणसाला स्वतंत्रपणे कळणारी आहे, आणि नेमकी म्हणूनच ती नाव देण्यास फार सोयीची ठरली.

या सोयीच्या नावाखालून दुसरे दुखणे प्रथम डोके वर काढते ते सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये. रेम्ब्रांटच्या १६३२ मधील प्रसिद्ध चित्रात प्रेताच्या हाताचे विच्छेदन करून दाखविणारे जे डॉक्टर आहेत, ते अ‍ॅम्स्टरडॅमचे निकोलास टुल्प. त्यांच्या १६४१ च्या रुग्णनोंदींच्या ग्रंथात एका रोग्याची हकीकत आहे. उन्हाळ्याच्या प्रारंभी त्याला भयंकर डोकेदुखी जडली. ती रोज ठराविक वेळी येई आणि ठराविक वेळी जाई. दोन तासांहून अधिक क्वचितच टिके, पण तेवढ्यात आपण आता यातून वाचत नाही असे त्याला वाटे. ऋतू, घटका आणि अवधी या तिन्हींची नोंद येथे आहे. डोळा मात्र नाही.

डोळा येतो तो शंभर वर्षांनंतर. लायडनच्या बूरहावे यांचे शिष्य आणि पुढे व्हिएन्नाच्या दरबाराचे राजवैद्य झालेले गेरार्ड फान स्वीटेन यांनी गुरूच्या सूत्रांवर विस्तृत भाष्य लिहिले. त्याच्या १७४५ च्या खंडात एका निरोगी, धडधाकट, मध्यम वयाच्या पुरुषाचे वर्णन आहे. दररोज एकाच वेळी त्याच्या डाव्या डोळ्याच्या वर, जेथे कपाळाच्या हाडातील छिद्रातून मज्जातंतू बाहेर पडतो तेथे, कळ सुरू होई. थोड्याच वेळात डावा डोळा लाल होऊन पाझरू लागे. मग डोळा खोबणीतून बाहेर लोटला जात आहे असे वाटून तो वेदनेने वेडापिसा होई. काही तासांनी सर्व शांत होई आणि डोळ्यात पाहावे तर कसलाही बदल दिसत नसे. रक्त काढणे, रेचके देणे, मानेवर तुंबड्या लावणे हे त्या काळचे उपाय व्यर्थ गेले. आजच्या निदानाच्या कसोट्या लावल्या तरी या वर्णनात फारसे काही उणे निघत नाही. वय, लिंग, बाजू, घटका, लाल झालेला डोळा, झटक्यांमधील पूर्ण स्वास्थ्य, सारे त्यात आहे. नाही ते फक्त एक, नाव. आणि नाव नसल्यामुळे ही नोंद भाष्याच्या अफाट विस्तारात पडून राहिली. टुल्प आणि फान स्वीटेन या दोघांच्या नोंदींतील दुखण्याची ओळख पटवून देणारे लेख प्रसिद्ध झाले ते १९९३ मध्ये.

मधल्या काळात वेळ पाळणाऱ्या वेदनेला नाव मिळाले नाही असे नाही. मिळाले ते चुकीच्या घरचे. जे घड्याळाप्रमाणे येते ते हिवतापाच्या जातीचे, अशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील वैद्यांची धारणा होती, कारण पाळीने येणारा रोग म्हणून हिवतापाएवढा परिचित दुसरा नव्हता. इंग्रजीत भुवईवरच्या पाळीच्या दुखण्याला सरळ ‘भुवईचा हिवताप’ या अर्थाचे नाव पडले आणि त्यावर सिंकोनाची साल, पुढे क्विनीन आणि सोमल यांचा मारा सुरू झाला. नावाने उपचार ठरविल्याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. अर्थात प्रत्यक्ष हिवतापाच्या प्रदेशांत काही रोग्यांना गुण आला असेल. पण बाकीच्यांच्या बाबतीत हंगाम संपल्याचे श्रेय सालीने घेतले, जसे आपल्याकडे जिलेबीने घेतले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नावांची रीघच लागली. बर्लिनच्या मॉरिट्स रोम्बेर्ग यांनी १८४० मध्ये याच्याशी जुळणारे वर्णन डोळ्याच्या मज्जातंतूचा शूल म्हणून केले. झटक्यात बाहुली आकुंचन पावते हे त्यांनी नोंदले. अमेरिकेतील नासारोगतज्ज्ञ ग्रीनफील्ड स्लडर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नाकाच्या मागील बाजूच्या मज्जापुंजाला दोषी ठरविले आणि तेथे कोकेनचा बोळा लावण्याचा उपाय सांगितला. लंडनचे विल्फ्रेड हॅरिस यांनी १९२६ मध्ये नियतकालिक अर्धशिशीसदृश मज्जाशूल अशा अर्थाचे नाव दिले. काळ आणि जागा दोन्ही त्यात आणण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. त्यांनी चेहऱ्याच्या मज्जापुंजात मद्यार्काचे इंजेक्शन देऊन पाहिले आणि पुढे एर्गोटामाइनही वापरले. नाकवाल्याला नाक दिसले, डोळेवाल्याला डोळा, मज्जातंतूवाल्याला मज्जातंतू. रोग्याच्या वाट्याला आली ती दात उपटण्याची आणि नाकातील विवरे धुण्याची हकनाक शिक्षा, आणि ती अजूनही पुष्कळांच्या वाट्याला येते.

१९३९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे बेयर्ड हॉर्टन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हे दुखणे नवा लक्षणसमूह म्हणून मांडले. त्वचेखाली हिस्टामिन टोचले असता झटका आणता येतो हे पाहून त्यांनी रोगाचे मूळ हिस्टामिनमध्ये शोधले आणि पुढे त्याला हिस्टामिनजन्य शिरःशूल म्हटले. उपचारही नावाबरहुकूम होता : हिस्टामिनची मात्रा हळूहळू वाढवीत शरीराला ते सोसावयास लावणे. ही उपपत्ती आणि हा उपचार दोन्ही काळाच्या ओघात मागे पडले. परंतु हॉर्टन यांच्या लेखनातील दोन गोष्टी टिकल्या. एक, त्यांनी केलेले रोग्याचे चित्रण. हा रोगी अंथरुणात पडून राहू शकत नाही, उठतो, चालतो, डोके दाबून धरतो, हे त्यांनी ठसठशीतपणे मांडले. दुसरी, झटक्याच्या वेळी शुद्ध प्राणवायू हुंगविण्याचा उपाय. तो त्यांनी आपल्या उपपत्तीच्या जोरावर नव्हे, तर अनुभवाच्या जोरावर सांगितला होता.

येथे नावांनी आणखी एक घोटाळा केला. याच हॉर्टन यांनी १९३२ मध्ये शंखप्रदेशीच्या रोहिणीच्या दाहाचेही वर्णन केले होते, आणि युरोपात तोही रोग ‘हॉर्टनचा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. एका माणसाच्या नावाने दोन डोकेदुख्या चालू लागल्या. पहिलीत जिवाला यातना आहेत, पण दृष्टीला धोका नाही. दुसरी बहुधा पन्नाशीनंतर येते आणि स्टेरॉइड वेळेवर सुरू केले नाही तर कायमचे अंधत्व आणू शकते. व्यक्तीच्या नावावरून रोगाला नाव देण्याची पद्धत सन्मानाची खरी, पण अशा ठिकाणी ती धोक्याचीच म्हणावी लागेल.

निर्णायक शब्द आला तो १९५२ मध्ये. अमेरिकेतील कंकल आणि त्यांचे सहकारी यांनी थोडा वेळ टिकणाऱ्या व वारंवार येणाऱ्या या डोकेदुखीचे वर्णन करताना तिचे झटके ‘क्लस्टर’ने, म्हणजे झुबक्याने किंवा घोसाने, येतात असे म्हटले. हा शब्द दिसावयास फारच साधा आहे. त्यात ना डोळा आहे, ना मज्जातंतू, ना हिस्टामिन. कारणाविषयी तो मौन पाळतो. पण आधीच्या सर्व नावांनी जे दुय्यम मानले, म्हणजे झटक्यांची कालरचना, तेच त्याने पुढे आणले. आणि कारणाविषयी काही न बोलल्यामुळेच उपपत्ती बदलल्या तरी तो खोटा ठरला नाही. सुश्रुताच्या सूर्यावर्तानंतर वेदनेला काळावरून नाव देण्याचा हा प्रयत्न फळाला आलेला दिसतो.

एका शब्दाने रोग बरा होत नाही. तथापि ज्यांचे दुखणे खरोखर एक आहे असे रोगी एकत्र मोजता आल्याशिवाय औषधाची परीक्षा होत नाही, आणि ते एकत्र आले ते या नावाखाली. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संस्थेने १९८८ मध्ये आपले पहिले वर्गीकरण प्रसिद्ध केले व त्यात या दुखण्याला स्वतंत्र स्थान दिले. तिसरी आवृत्ती २०१८ ची आहे. डोळ्याच्या खोबणीत, तिच्यावर किंवा शंखावर एकाच बाजूची तीव्र वेदना. १५ ते १८० मिनिटे अवधी. दिवसाआड एकापासून दिवसाला आठांपर्यंत झटके. त्याच बाजूला डोळा लाल होणे, पाणी गळणे, नाक चोंदणे, पापणी किंचित खाली येणे. किंवा अस्वस्थपणे फिरत राहणे, अशा त्याच्या कसोट्या आहेत. सुमारे हजारांत एकाला हे दुखणे होते. स्त्रियांपेक्षा पुरुषांत ते अधिक आढळते. हंगाम चालू असता थोडेसे मद्यही झटका आणते, आणि हंगाम संपला की तेच मद्य काही करीत नाही.

काळावरून दिलेल्या नावाला कारणाचा आधार मिळाला तो १९९८ मध्ये. झटका चालू असताना मेंदूची चित्रे घेतली असता दुखणाऱ्या बाजूच्या हायपोथॅलॅमसमध्ये हालचाल वाढलेली दिसली. शरीराची दिनरात्रीची लय राखणारे केंद्र याच हायपोथॅलॅमसमध्ये आहे. डोळ्यामागे दुखते ते चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या पाचव्या मज्जातंतूच्या वाटेने, डोळा पाझरतो तो त्याला जोडलेल्या प्रतिक्षेपाने. पण घटका ठरते ती बहुधा आत, त्या घड्याळाजवळ. सर्व यंत्रणा उलगडली आहे असे नव्हे, मात्र वेळ हा या दुखण्याचा अलंकार नसून अंग आहे, एवढे त्यातून ठरले.

उपचारांची हकीकत यापुढे थोडक्यात सांगता येते. साध्या वेदनाशामक गोळ्या येथे निरुपयोगी ठरतात, कारण गोळी पोटातून रक्तात उतरेपर्यंत झटका कळसाला पोचून उतरणीलाही लागलेला असतो. सुमाट्रिप्टान त्वचेखाली टोचल्यास काही मिनिटांत आराम पडतो, हे १९९१ मधील परीक्षणाने दाखविले. हृदयविकार असलेल्यांना मात्र ते देत नाहीत. हॉर्टन यांच्या प्राणवायूची कसून परीक्षा व्हावयास २००९ उजाडले. मिनिटाला १२ लिटर या प्रमाणात तोंडवट्यातून प्राणवायू दिला असता ७८ टक्के झटक्यांत पाव तासात वेदना गेली किंवा पुरेशी कमी झाली. साधी हवा दिलेल्यांत हे प्रमाण २० टक्के होते. हंगाम आवरण्यासाठी व्हेरापामिल हे मुख्य औषध आहे. त्याची मात्रा वाढविताना हृदयाचा आलेख पाहत राहावा लागतो. ते लागू पडेपर्यंत थोडे दिवस स्टेरॉइड देतात. लिथियमचा उपयोग १९७० नंतरच्या दशकात पुढे आला.

या नव्या व्यवस्थेत गेलनचा जुना शब्दही परत आला. नॉर्वेचे ओट्टार शोस्टाड यांनी १९७४ मध्ये याच जातीच्या, पण अधिक आखूड आणि दिवसातून अधिक वेळा येणाऱ्या झटक्यांचे वर्णन केले. त्या दुखण्याच्या नावात ‘हेमिक्रेनिया’ हाच शब्द योजण्यात आला. या दुखण्याचे वैशिष्ट्य असे की, ते इंडोमेथासिन या औषधाने पूर्णपणे थांबते आणि प्राणवायूला दाद देत नाही. म्हणजे एकाच डोळ्यामागे, दिसावयास जवळजवळ सारख्या अशा दोन वेदना; एकीला वायू, दुसरीला गोळी. त्यांतील भेद रोग्याने सांगितलेल्या मिनिटांवरून आणि दिवसातील खेपांवरूनच बव्हंशी ठरतो.

तेव्हा प्रश्न पुन्हा रोग्याच्या तोंडच्या भाषेकडे येतो. माँट्रियलचे रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली, तीत इंग्रजीतील ७८ वेदनावाचक शब्द २० गटांत लावलेले आहेत. रोगी कोणता शब्द निवडतो यालाही निदानात किंमत आहे, ही त्यामागील भूमिका. मराठीला या बाबतीत दारिद्र्य नाही. ठणका, कळ, चमक, शूळ, सणक, तिडीक हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. ठणका नाडीबरोबर उसळतो. तिडीक एकाएकी भोसकून जाते. कळ धरून राहते. खेड्यातील म्हातारी ‘डोके उठले’ आणि ‘डोळ्यात सणक भरली’ यांत जो भेद करते, तो पुष्कळशा छापील कोष्टकांपेक्षा सूक्ष्म आहे. उणीव आहे ती काळ सांगणाऱ्या नावाची. क्लस्टरला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही, आणि ‘पुंजशिरःशूल’ यासारखा घडविलेला शब्द घरात कोणी उच्चारील असे वाटत नाही. त्याऐवजी ‘पाळीची डोकेदुखी’ म्हणता येईल. हिवतापाच्या पाळीमुळे हा शब्द मराठी माणसाच्या कानाला ओळखीचा आहे. अडचण एवढीच की, स्त्रियांच्या मासिक पाळीशी निगडित अशी जी खरी मायग्रेन असते तिच्याशी या नावाचा घोटाळा होईल, आणि एका नावाखालून सुटलेले दुखणे दुसऱ्या नावाखाली पुन्हा अडकेल. ‘हंगामी डोकेदुखी’ हा शब्द त्या मानाने निर्धोक आहे, जरी त्यात दिवसातील घटका येत नाही.

नाव ठरेपर्यंत अर्धशिशी म्हणून आलेल्या रोग्याला विचारावयाचे प्रश्न मात्र साध्या मराठीत विचारता येतात. दुखते तेव्हा पडून राहावेसे वाटते की फिरावेसे? किती वेळात थांबते? रोज ठरल्या वेळी, झोपेतून उठवून येते काय? त्याच बाजूचा डोळा पाझरतो काय? गेल्या वर्षी याच दिवसांत असे झाले होते काय? यांच्या जोडीला चरकाच्या त्या वाक्याचीही आठवण ठेवावी लागते. दिव्याभोवती रंगीत वलये दिसून दृष्टी अंधुक होत असेल, पन्नाशीनंतर दुखणे प्रथमच उद्भवले असेल, किंवा पापणी पडून त्या डोळ्याची बाहुली लहान न होता मोठी झाली असेल, तर ते काचबिंदूचे, रोहिणीदाहाचे किंवा मेंदूतील रक्तवाहिनीला आलेल्या फुगवट्याचे चिन्ह असू शकते. अशा रोग्याला त्याच दिवशी इस्पितळात पाठवावे लागते.